नव्या रायपुरात उजवीकडून

रायपूर, ९ फेब्रुवारी २०१३

अनुश्री,

तुझ्या नावाआधी काय लिहावं ते मला ठरवता आलं नाही. आजवर चि. सौ. लिहीत आलो. आता ते लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी जे लिहितात ते मी लिहिणार नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. राग मानू नकोस.

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडी तर भेटली होती ना तुम्हाले? मंग काहून नाही आले?" मी काही बोलायच्या आत तू म्हणालीस, "बटण मले दाबा लागलं." मग फोन बंद झाला. त्यानंतर मी केला तर तू उचलत नाहीस. ते ठीक आहे. पण विचारलं आहेस, तर उत्तर द्यायला हवं. मला लिहायची सवय ऑफिसच्या टिपणीपुरती. तेव्हा जे झालं ते क्रमानं लिहितो.

गौतम गेल्याचं सांगायला त्याच्या मित्राचा, शेखरचा, फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघालो. ईराच्या वेळी बाळंतपणाला यायचं म्हणून काढलेला व्हिसा पासपोर्टवर होताच. तेव्हा तुझ्या सासूच्या, पद्मिनीच्या, आजारपणामुळे आमचं येणं झालं नाही, आणि पुढे ती गेली. तो व्हिसा असा कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

मी पोहोचेपर्यंत तुम्ही गौतमला ठेवलं होतं. दाहिनीची दुपारी तीनची वेळ घेतली होती. मोठ्या विमानतळावर मी सकाळीच उतरलो. तिथून तुमच्या गावाला जाणारं छोटं विमान बर्फामुळे रद्द झालं आणि दुसरं उद्याशिवाय नाही असं कळलं. मी शेखरला फोन केला. तो म्हणाला, "घाबरू नका काका. चार तासांचा रस्ता आहे, बर्फ काढला आहे रस्त्यावरचा. तिथंच एअरपोर्टवर गाडी भाड्यानं घ्या अन् निघा. लायसन्स आहे ना तुमच्यापाशी?"

लायसन्स माझ्या पाकिटात होतं. मी आहे म्हणालो.

भाड्याच्या गाड्यांचे काउंटर खालच्या मजल्यावर ओळीनं होते. पहिल्या काउंटरवरच्या मुलानं क्रेडिट कार्ड मागितलं. माझ्याकडे बँकेनं दिलेलं डॉलरचं कार्ड होतं. ते चालत नाही म्हणाला. मी रोख पैसे काढले तर त्यानं ते एका बोटानं माझ्याकडे परत सरकवले. रागानं नाही. तिथे सगळे अगदी गोड बोलून नाही म्हणतात. दुसऱ्या काउंटरवर लांब रांग होती. माझा नंबर आला तेव्हा छोट्या गाड्या संपल्या होत्या, आणि मोठीला पुन्हा तेच कार्ड हवं होतं. तिसऱ्या ठिकाणी एका मुलीनं वरिष्ठांना फोन लावला, माझं परतीचं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, आणि गाडी देते म्हणाली. तोवर बराच वेळ गेला होता.

गाडी मिळाली असं कंपनीच्या माणसानं शेखरला सांगितलं, ते खरं आहे. पण ती त्या बर्फात चालण्यासारखी नव्हती. म्हणून मला परत करावी लागली. तुला फोन केला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू म्हणालीस, "आता येऊन काय करता, बाबा." मी परत फिरलो.

ईराला आशीर्वाद.

बाबा


रायपूर, ३ मार्च २०१३

अनुश्री,

मागच्या पत्रात एक वाक्य खरं नाही. गाडीत काही बिघाड नव्हता.

ते पत्र पोस्टात टाकून आल्यापासून मला ते खटकत होतं. तुझं उत्तर आलं नाही. वाचलंस की नाही तेही कळायला मार्ग नाही. तरी खरं ते लिहून ठेवतो.

त्या मुलीनं माझं लायसन्स उलटसुलट पाहिलं आणि बरंच काही विचारलं. विमा, पेट्रोल, टोल. मला अर्धं कळत होतं. आणखी एक ड्रायव्हर जोडायचा का, असंही तिनं विचारलं. चार तासांच्या रस्त्याला दोन ड्रायव्हर कशाला, म्हणून मी एक पुरे म्हणालो. तिनं किल्ली माझ्या हातात दिली. मला वाटलं, ती नेऊन ड्रायव्हरला द्यायची.

तू हसशील किंवा चिडशील. पण अनुश्री, आपल्याकडे भाड्यानं गाडी घेतली की ड्रायव्हर आलाच. चौबे कॉलोनीच्या नाक्यावरून बिलासपूरला जायला गाडी सांगितली तर तो घराशी येऊन उभा राहतो, आपली बॅग उचलतो आणि मधे कुठेतरी चहाला थांबवतो. नुसती गाडी कुणी देतं हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दोघं तिकडे स्वतः गाडी चालवता हे माहीत होतं. पण ती तुमची गाडी होती.

मग लायसन्स कशाला होतं, असं तू विचारशील. नवीन राज्य झालं तेव्हा माझी जुनी कागदपत्रं मध्य प्रदेशची होती. पत्त्याचा पुरावा म्हणून ऑफिसातल्या आम्ही पुष्कळांनी लायसन्सं काढली. एका मैदानात लहानूनं शेजारी बसून मला जीप फिरवायला लावली, साहेबांनी बघितलं, झालं. लहानू म्हणजे आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर. तुझ्या लग्नात तुमची गाडी त्यानंच सजवली होती. कालव्यांवर, धरणांवर, जिथे जायचं तिथे त्यानंच नेलं. मी मागे बसायचो. रिटायर होईपर्यंत मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. नूतनीकरण मात्र वेळच्या वेळी करत आलो.

तर, एका बसनं आम्हाला गाड्यांच्या मैदानात सोडलं. गाडी करड्या रंगाची होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो. थंडी फार होती. ड्रायव्हर चहाला गेला असेल, येईल, असं वाटलं. मग मी दार उघडून मागच्या सीटवर बसलो आणि बॅग शेजारी ठेवली. तेवढ्यात शेखरचा फोन आला. निघालात ना, म्हणाला. मी म्हणालो, हो, गाडीत बसलो आहे.

त्यानं ते तुम्हा सगळ्यांना सांगितलं असणार. काका निघाले, गाडीत बसले. म्हणून तू तीनपर्यंत दाराकडे बघत असशील. बटण गौतमच्या बापानं दाबावं म्हणून तू थांबली असशील. तो फोन आठवला की मला दुसरं काही सुचत नाही.

पुष्कळ वेळानं तिथला एक वयस्कर कामगार आला आणि त्यानं काच वाजवली. कुणाची वाट पाहताय, म्हणाला. मी म्हणालो, ड्रायव्हर यायचा आहे. त्यानं पुढचं दार उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "सर, ड्रायव्हर तुम्हीच आहात. कागदावर तुमचंच नाव आहे."

मी उतरून पुढे बसलो. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. तेवढं मला येत होतं. समोर बाहेर जायचा बाण होता. पाय ब्रेकवरून उचलला गेला नाही. किती वेळ तसा बसलो सांगता येत नाही. मग किल्ली काढून त्या माणसाच्या हातात दिली. टॅक्सीवाल्यांना विचारलं, त्या दिवशी इतक्या लांब कुणी यायला तयार नव्हतं. बस सकाळीच गेली होती.

येऊन काय करता, असं तू म्हणालीस ते मी शब्दशः घेतलं. ऑफिसात मी तसंच करत आलो. नको म्हटलं की नको. तुला तसं म्हणायचं नसेल हे मला मुंबईच्या विमानात बसल्यावर वाटलं. तोवर काही उपयोग नव्हता.

शेखरला मी नंतर खोटंच सांगितलं होतं की गाडी शेवटी मिळालीच नाही; म्हणून त्यानं कंपनीत विचारलं असेल. त्याला दोष देऊ नकोस.

बाबा


रायपूर, २३ जून २०१३

अनुश्री,

काल शेखरशी बोललो. तो आता दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला आहे, ते तुला माहीतच आहे. त्यानं सांगितलं की गौतमच्या अस्थी तू अजून घरीच ठेवल्या आहेस, आणि १४ डिसेंबरला तिथल्या नदीत सोडायचं ठरवलं आहेस. गौतम ईराला दगड फेकायला न्यायचा त्या काठावर. पार्कवाल्यांची परवानगी सकाळी दहाची मिळाली आहे.

मी त्याच्यातर्फे राजिमच्या संगमाचं विचारलं होतं. आपल्याकडची सगळी माणसं तिथेच सोडली. पण तू नाही म्हणालीस, आणि ते मला पटलं. गौतमला राजिमला मी तो लहान असताना एकदाच नेलं होतं, आणि तिथे तो उन्हानं रडत होता. त्याची नदी तिकडचीच असेल.

शेखर पुढे जरा अडखळला. मग म्हणाला, "वहिनी म्हणाल्या, काकांनी यायचं तर यावं. पण कोणासाठी थांबणार नाही." तसं तू म्हणणं योग्यच आहे.

मी येणार आहे. पुन्हा त्याच विमानतळावर उतरेन आणि तिथून गाडी चालवत येईन. छोट्या विमानाचं तिकीट काढता येतं. पण डिसेंबरात ते पुन्हा रद्द झालं तर मी पुन्हा त्याच काउंटरपाशी उभा असेन, आणि मला पुन्हा गाडी चालवता येत नसेल. तसं मला नको आहे.

म्हणून मी शिकायला लागलो आहे. या वयात हसं होतं. पंडरीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारी मुलगी आहे, पिंकी नावाची. पुरानी बस्तीतल्या जुन्या मराठी घरातली आहे. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. फार बोलते. पहिल्या दिवशी गाडी दारात आली तर मी सवयीनं मागचं दार उघडून बसलो. ती मागे वळून म्हणाली, "अंकल, आगे आइए. पीछे बैठ के तो मेरी नानी भी चला लेती है."

शहरात माझं जमेना. जयस्तंभ चौकात गाडी बंद पडली तेव्हा मागच्या ऑटोवाल्यांनी जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पिंकीनं त्यांना त्याहून वाईट ऐकवलं. मग ती म्हणाली, नया रायपूर चलते हैं. आता रोज पहाटे तिकडेच जातो.

तू नवं रायपूर पाहिलं नाहीस. गेल्या वर्षी मंत्रालय तिकडे हललं. विमानतळापलीकडे मोठमोठे रस्ते केले आहेत, सहा सहा पदरी, मधे झाडं लावलेली. इमारती उभ्या आहेत, पण अजून कुणी राहायला आलेलं नाही. दिवसा साहेबलोकांच्या गाड्या येतात आणि संध्याकाळी परत जातात. पहाटे कुणी नसतं. चौकाचौकात सिग्नल लाल होतात, हिरवे होतात. मी लालला थांबतो. पिंकी म्हणते, "किसके लिए रुके?" मी म्हणतो, सवय लागावी म्हणून. मग आम्ही दोघं त्या रिकाम्या चौकात हिरवा व्हायची वाट बघत बसतो.

ती हिंदीतून मराठीत फक्त रागावल्यावर येते. "काहून ब्रेक दाबून राहिले, काका? समोर कुत्रंही नाही."

तिला कुठे जायचं ते सांगितलं आहे. का ते सांगितलं नाही.

बाबा


रायपूर, ६ ऑक्टोबर २०१३

अनुश्री,

तुझा मेसेज मिळाला. "इकडे उजव्या बाजूनं चालवा लागते, बाबा. माहीत आहे ना?" एवढाच होता. पण त्यामुळे कळलं की पत्रं वाचतेस. मी तो पुन्हा पुन्हा वाचला.

माहीत होतं. पण माहीत असणं आणि हाताला सवय असणं यात फरक आहे, एवढं या चार महिन्यांत शिकलो. मी पिंकीला सांगितलं की आता मला उजवीकडून चालवायचं आहे. तिनं गाडी बाजूला घेतली. म्हणाली, "मरना है क्या?" मग मी तिला सगळं सांगितलं. गौतमचं, बर्फाचं, मागच्या सीटवर बसून राहिलो त्याचं.  ती म्हणाली, "चलिए. लेकिन सूरज निकलने से पहले."

तेव्हापासून आम्ही नव्या रायपुरात उजवीकडून चालवतो. म्हणजे जाणाऱ्या गाड्यांच्या रस्त्यानं येतो आणि येणाऱ्यांच्या रस्त्यानं जातो. गोल चौकाला उलटा फेरा घालतो. नियमाविरुद्ध आहे. नोकरीत मी एक कागद नियमाविरुद्ध पुढे पाठवला नाही, आणि आता रोज हे करतो. एकदा मंत्रालयाच्या बाजूला एक गार्ड शिटी वाजवत पळत आला. पिंकी काच खाली करून म्हणाली, "भैया, अंकल अमेरिका जा रहे हैं." तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "हव, पर रद्दा तो उही पार हे." अमेरिकेचा रस्ता त्या बाजूला आहे म्हणे. विमानतळाकडे हात करून दाखवला. पिंकी दिवसभर हसत होती.

मी शेजारी गौतम बसला आहे असं समजून चालवत नाही. तसं काही नाही. पिंकी बसलेली असते, आणि तिच्या पायाशीही एक ब्रेक असतो. पण गाडी सरळ लागली, कुणी दिसेनासं झालं, की कधी कधी वाटतं, एवढंच होतं. हात आणि पाय. हे मी आधी का शिकून घेतलं नाही.

लहानूचा धमतरीहून फोन आला होता. त्याला कुणीतरी सांगितलं की साहेब गाडी शिकून राहिले. तो फार दुखावला. म्हणाला, "मले सांगा लागत होतं साहेब. मी आलो असतो तिथं." मी म्हणालो, पासपोर्ट आहे का तुझा? तो म्हणाला, "नाही. पण आलो असतो."

गेल्या आठवड्यात धमतरीच्या रस्त्यानं अभनपूरपर्यंत गेलो, ट्रकांच्या मधून, डाव्या बाजूनं. येताना पिंकी झोपली होती. तिला उठवलं तेव्हा घर आलं होतं. ती आधी घाबरली, मग चिडली.

घरी ठीक आहे. रविवारी सकाळी गौतमचा फोन यायचा. त्या वेळेला मी अजून कुठे बाहेर जात नाही. कारण काही नाही. मुद्दाम थांबतो असंही नाही. ती वेळ झाली की पाय बाहेर पडत नाही, इतकंच.

बँकेनं ठेवीवर क्रेडिट कार्ड दिलं आहे. माझ्याच नावाचं. तिकीट काढलं आहे. बाराला उतरतो. शेखर यायला निघतो म्हणाला होता, मी नको म्हणालो.

बाबा


विमानतळ, १२ डिसेंबर

अनुश्री,

काउंटरसमोरच्या खुर्चीवर बसून लिहितो आहे. हे पत्र पोस्टात कधी टाकेन कुणास ठाऊक.

गाडी आधीच ठरवली होती. या वेळी कार्ड घेतलं, लायसन्स घेतलं, आंतरराष्ट्रीय परवाना घेतला, सगळं बरोबर आहे म्हणाले. फक्त गाडी नव्हती. माझ्या नावची छोटी गाडी कुणीतरी नेली, म्हणाले. तिच्याऐवजी एक अजस्र गाडी देतो, जादा काही घेणार नाही. काचेतून दाखवली. आमच्या ऑफिसच्या जीपपेक्षा उंच. मागे सामान टाकायला उघडा हौदा. तुम्हाला तर फायदाच आहे, असं तो मुलगा म्हणाला.

मी म्हणालो, मला ती चालवता येणार नाही.

तो म्हणाला, चालवणं सगळ्यांचं सारखंच असतं.

मी म्हणालो, माझं नसतं. मी छोटीवरच शिकलो आहे.

मग उद्या या, म्हणाला. मी म्हणालो, उद्या नाही. मी इथेच थांबतो, छोटी परत आली की द्या. तो म्हणाला, कधी येईल सांगता येत नाही. मी म्हणालो, चालेल. आणि काउंटरच्या बाजूला उभा राहिलो. लोक येत होते, किल्ल्या घेऊन जात होते. त्याला माझा त्रास होत असावा. दर थोड्या वेळानं तो मला बसायला सांगत होता. शेवटी बसलो, पण त्याच्या नजरेसमोर. मी कुणाशी भांडलो नाही. मला भांडता येत नाही. पण गेल्या वर्षी मी इथून उठून गेलो होतो. या वेळी उठणार नव्हतो.

आत्ता त्यानं हात केला आहे. पांढरी छोटी गाडी धुवायला गेली आहे, म्हणतो. जातो.


तुझ्या गावात, १३ डिसेंबर

अनुश्री,

काल संध्याकाळपर्यंत अर्धा रस्ता केला आणि हायवेच्या कडेच्या एका लॉजवर थांबलो. अंधारात चालवायचं नाही असं पिंकीनं कबूल करून घेतलं होतं. आज उजेड झाल्यावर निघालो. रस्ते कोरडे होते. बाजूनं बर्फाचे ढिगारे होते, पण रस्त्यावर नाही. सगळे मला मागे टाकून जात होते. एका बाईनं जाताना हात हलवून काहीतरी म्हटलं. चांगलं नसावं. मी उजवीकडच्या शेवटच्या पट्ट्यात होतो, आणि तिथून हललो नाही. एकदा वळताना डावीकडे गेलो. समोरून येणारा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता मला मागे घेऊ दिलं. मी त्याला हात जोडले. त्याला काय कळलं असेल कोण जाणे. त्यानंतर पेट्रोल पंपावर थांबून पाणी प्यालो.

दुपारीच पोहोचलो. कळवलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी. तुझ्या घराचा रस्ता मला माहीत नव्हता, पाहून ठेवावा म्हणून एकदा त्या गल्लीतून गेलो. घर ओळखलं. फोटोत पाहिलं होतं. दारात दोन गाड्या होत्या, तुझे आईवडील आले असतील. वरच्या खिडकीत दिवा होता. थांबलो नाही. तू चौदाचं सांगितलं आहेस, आणि आज तेरा आहे. चर्चसमोरच्या एका लॉजवर खोली घेतली आणि संध्याकाळी तुला फोन केला.

तू उचलशील असं वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, आलो.

तू म्हणालीस, "कुठं आहात?"

"तुझ्याच गावात. चर्चसमोर."

"कोणी आणलं?"

"मीच आलो. चालवत."

 तुझ्या मागे भांडी वाजत होती. ईरा कोण आहे म्हणून विचारत होती. तू तिला काही सांगितलं नाहीस. मला म्हणालीस की घरात पाहुणे आहेत, जागा नाही, उद्या इथूनच सगळे निघणार आहोत. मी म्हणालो, हो, उद्याच येतो. दहाची वेळ मला माहीत आहे. मी त्याआधी येऊन बाहेर उभा राहीन. माझ्यामुळे उशीर होणार नाही.

तू म्हणालीस, "दहाचं काही नाही, बाबा. तुम्ही आले की निघू."

 मला वाटलं, फोन ठेवला असशील. मग तू म्हणालीस, "अन् उद्या मी काही बोलले, कसंही बोलले, तरी परत नका जाऊ."

मी बरं म्हणालो. त्याहून जास्त काही बोलता आलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. नाही जाणार.

बाबा